वहीचा प्रश्न, फोनचा प्रश्न, गाडीचा प्रश्न: पहिलटकरणीचे नऊ महिने

आमची लेक आता सहा आठवड्यांची झाली. तिची दीड महिन्याची लस झाली, माझीही तपासणी झाली, आणि दुपारी ती झोपते तेवढ्या वेळात हे लिहायला घेतलंय.

मी फलटण तालुक्यातल्या एका गावात राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. शिवायला येणाऱ्या बायकांमध्ये एखादी तरी नव्याने दिवस गेलेली असते. माप देता देता ती हळूच विचारते. पपई खाल्ली, काही होईल का? पांढरं जातंय, सांगायला लागेल का कुणाला? संध्याकाळी पाय सुजतात, चालतं का? मला दिवस गेले तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं. उत्तरं द्यायला सगळा गाव तयार असतो. पण कोणत्या त्रासाला थोडं थांबलं तरी चालतं आणि कोणत्या त्रासाला चप्पल घालून लगेच निघायचं, हे नीट सांगणारं माणूस भेटावं लागतं. मला ते आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांच्या रूपाने भेटलं. त्यांनी सांगितलेलं आणि मी अनुभवलेलं इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. तुमच्या तब्येतीचं शेवटचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

माझी शेवटची पाळी १० मार्च २०२५ ची. १३ एप्रिलला सकाळी घरीच तपासणी केली. मेडिकलमधून आणलेल्या किटला साठ रुपये पडले. तशीच पट्टी आशाताईंकडे फुकट मिळते, हे मला नंतर कळलं. दोन रेघा आल्या. त्या दिवशी आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना सांगितलं, बाकी कुणाला नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, तीन महिने होईपर्यंत वाच्यता नको. मी म्हटलं, गावात नको, पण आशाताईंना सांगू या, कारण नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. ते त्यांना पटलं.

२२ एप्रिलला उपकेंद्रात नाव नोंदवलं. सोबत आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि मोबाइल लागतो. तिथेच अडचण निघाली. माझं आधार सासरच्या नावाने झालं होतं, पण बँकेचं खातं अजून माहेरच्या नावावर. दवाखान्याच्या नोंदणीला त्याने काही अडलं नाही, पण प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळतात: नोंदणी आणि एक तपासणी झाली की तीन हजार, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की दोन हजार. आमच्याकडून उत्पन्नाचा दाखलाही मागितला. दाखला निघायला आठवडा गेला, पण बँकेतलं नाव बदलायला जास्त वेळ लागला. लग्न होऊन वर्ष झालं असेल आणि कागद तसेच पडले असतील, तर दिवस जायच्या आधीच हे काम उरकून घ्या. उलट्या होत असताना बँकेच्या रांगेत उभं राहणं फार जड जातं.

नोंदणीच्या दिवशी वजन, रक्तदाब, रक्त, लघवी सगळं तपासलं आणि धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन दिलं. दुसरं महिन्याने. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. हातात माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळालं. हे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्येच ठेवा, कपाटात नको. पुढे माझ्या किती कामी आलं ते सांगतेच.

मी प्रश्नांची यादी करून नेली होती, मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर. सिस्टरांनी ती वही हातात घेतली, पेन मागितलं आणि प्रत्येक प्रश्नासमोर एक अक्षर लिहीत गेल्या. व, फ, ग. म्हणाल्या, "हे बघ, तीन जातीचे प्रश्न असतात. काही वहीचे. लिहून ठेवायचे, पुढच्या तपासणीला विचारायचे. काही फोनचे. त्याच दिवशी मला नाहीतर आशाताईला फोन करायचा, कुणीच उचललं नाही तर १०४ ला लावायचा. आणि काही गाडीचे. तिथे कुणालाच विचारत बसायचं नाही. गाडी काढायची, नाहीतर १०८ ला फोन करायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी."

मग माझी यादी घेतली. शिलाई मशीन चालवू का? वहीचा. चालव, पण सलग बसू नको. तासाभराने उठून चार पावलं टाकायची. पायाचं मशीन असेल आणि पाठ भरून येत असेल तर मोटर बसवून घे. पपई? वहीचा. पिकलेली खाल्ली तर भ्यायचं कारण नाही, कच्ची टाळायची. केसांना मेंदी, स्कूटरवर मागे बसणं, कुशीवर झोपणं हे सगळे वहीचे. पांढरं पाणी जाणं वहीचा, पण त्याला घाण वास आला, खाज किंवा जळजळ झाली, रंग बदलला की फोनचा. लघवीला आग होणं फोनचा. ताप १०० च्या वर गेला तर फोनचा, आणि थंडी वाजून आला किंवा उतरेना तर गाडीचा. उलट्या वहीचा. पण दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल आणि लघवी कमी, गडद पिवळी होत असेल तर गाडीचा, कारण सलाइन लागतं.

रक्त दिसलं तर? त्यांनी आधी फ लिहिला, मग तो खोडून फ आणि ग दोन्ही लिहिले. "थेंबभर डाग दिसला तरी फोन करायचाच, कधीही. जास्त गेलं, पोटात कळा आल्या, एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्यात दुखायला लागलं, तर गाडी. गर्भ कधी कधी पिशवीच्या बाहेर नळीत रुजतो. तिथे वेळ घालवता येत नाही."

हा प्रश्न दहा दिवसांत खरा झाला. २ मे च्या संध्याकाळी तपकिरी डाग दिसला. हातपाय गार पडले. पोटात दुखत नव्हतं, चक्करही नव्हती. फोन केला. सिस्टरांनी रंग विचारला, किती ते विचारलं, आणि रात्री जास्त झालं तर काय करायचं ते सांगून सकाळी पहिल्या नंबराला सोनोग्राफीला पाठवलं. फलटणला खाजगीत नऊशे रुपये झाले. तिथे फॉर्म भरावा लागतो. आधारची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आपली सही: बाळ मुलगा आहे की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशी. १९९४ च्या कायद्याप्रमाणे हे प्रत्येक सोनोग्राफीला असतं, त्यामुळे चिठ्ठी आणि आधारच्या चार-पाच प्रती काढून पिशवीत ठेवा. पडद्यावर मॅडमनी बोट ठेवून दाखवलं. तांदळाएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. ठोके चांगले होते. सुरुवातीच्या आठवड्यांत असा थोडा डाग बऱ्याच जणींना दिसतो आणि पुढे सगळं नीट होतं, असं त्या म्हणाल्या. पण ते नीट आहे की नाही हे घरी बसून कळत नाही, हेही म्हणाल्या. प्रसूतीची तारीख १७ डिसेंबर लिहून दिली.

मे महिना उलट्यांतच गेला. उठल्या उठल्या चहा घेतला की हमखास उलटी. म्हणून अंथरुणातच दोन कुरमुऱ्याचे घास, नाहीतर कोरडी भाकरी खायची आणि अर्ध्या तासाने उठायचं, असं केलं. त्याने बरं वाटलं. मे च्या शेवटी आमच्या फलटण-बारामती पट्ट्यात पावसाने असं झोडपलं की ओढे रस्त्यावर आले. तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीचा नंबर त्यातच होता. मी घाबरले, कारण ती सोनोग्राफी अकरा ते साधारण चौदा आठवड्यांमध्येच करतात. तारीख ५ जूनला घेतली, तरी मुदतीत बसली. अठराशे रुपये. नंबर कधीही पहिल्या दिवसांचा घ्या, म्हणजे असं काही आडवं आलं तरी हातात दिवस राहतात. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी, ज्यात बाळाचे सगळे अवयव बघतात, ती २१ जुलैला झाली. बावीसशे. एवढे तीन खर्च खाजगीतले. बाकी रक्त-लघवीच्या तपासण्यांना आरोग्य केंद्रात एक पैसा लागला नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ येऊन गरोदर बायांना फुकट तपासतात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. गर्दी असते. मी सकाळी आठला जाऊन बसायचे तरी घरी यायला दोन वाजायचे. डबा, पाण्याची बाटली आणि पाठीला टेकायला छोटी उशी न्यायचे. कंटाळा येतो हे खरं, पण त्या बाकावर बसून जितकं शिकले तितकं कुठे शिकले नाही. शेजारच्या एका ताईंना आठव्या महिन्यात रात्री तळहात-तळपायाला खाज सुटायची, पुरळ काही नाही. घरच्यांना वाटलं उष्णता. मॅडमनी लगेच यकृताची रक्ततपासणी सांगितली. गरोदरपणात यकृताचा एक त्रास असाच खाजेतून दिसतो आणि तो बाळाला धोक्याचा ठरू शकतो. मी तिथेच वहीत लिहून घेतलं: तळहात-तळपायाची खाज, फ.

हिमोग्लोबिनसाठी चौथ्या महिन्यापासून लोहाच्या दोन गोळ्या रोज. शौचाला काळं होतं. त्याला घाबरू नका, ते गोळीमुळे असतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहाच्या आसपास घ्यायची नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये दोन तास तरी सोडायचे. मी लोह रात्री झोपताना आणि कॅल्शियम जेवणानंतर असं लावून घेतलं. बद्धकोष्ठाचा त्रास झाला, तो रात्री भिजवलेल्या काळ्या मनुकांनी आणि पाणी वाढवल्याने सुसह्य झाला. पाचव्या महिन्यात जंताची एक गोळी दिली. सप्टेंबरपर्यंत हिमोग्लोबिन ११.१ वर आलं. मला त्या आकड्याचा फार आनंद झाला.

बाळ हललेलं पहिल्यांदा कळलं ते जुलैच्या शेवटी. बाही जोडत होते. पोटात आतून कुणीतरी बोटाने टिचकी मारावी तसं झालं. मशीन थांबवलं आणि हात ठेवून बसून राहिले.

गणपतीत, ४ सप्टेंबरला, साखरेची तपासणी झाली. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० च्या खाली असलं तर ठीक. माझी ११८ आली. उपाशीपोटीच गेलं पाहिजे असं या तपासणीला नसतं, हे तिथेच कळलं. ग्लुकोज भरभर प्यायल्याने उलटी झाली तर तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणून पाच-दहा मिनिटं घेऊन सावकाश प्या.

आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण आलं. मला सातवा महिना. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांना त्याचा अर्थ कळेल. आत्यांचं म्हणणं होतं, वेध लागल्यापासून खायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचं नाही. मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कात्री-सुई बाजूला ठेवून आराम केलास तर चांगलंच आहे. पण गरोदर बाईने अन्नपाण्यावाचून राहायचं नाही. हे मी सांगितलंय म्हणून सांग." मी आत्यांजवळ बसून तसंच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तू जेव, माझा मी जप करते. आठ वाजता जेवले, उशाशी पाण्याचा तांब्या घेतला आणि झोपले. घरातल्या मोठ्यांशी भांडण न करता बऱ्याच गोष्टी अशा निभतात. फक्त तब्येतीला धक्का लागेल अशी गोष्ट कोणती हे आपल्याला नक्की माहीत हवं, आणि तिथे डॉक्टर-सिस्टरांचं नाव पुढे करायला लाजू नये.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोहाळजेवण झालं आणि मी माहेरी आले, बारामती तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण इथे एक लक्षात ठेवा. जिल्हा बदलतो, तशी आशाताई बदलते, दवाखाना बदलतो. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी माहेरच्या आशाताईंना कार्ड दाखवून नोंद करून घेतली. तालुक्याच्या ठिकाणच्या एका खाजगी दवाखान्यात एकदा दाखवून ठेवलं, आणि सरकारी रुग्णालयातही जाऊन प्रसूतीचा विभाग कुठे, रात्री कोणत्या दाराने जायचं, हे भावाबरोबर बघून आले. हा फेरा मारला हे फार बरं झालं.

२२ ऑक्टोबरला पाडव्याच्या दिवशी कपाळ दुखायला लागलं. झोपून राहिले, तरी थांबेना. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळायचं ताट तयार करताना निरांजनाकडे बघितलं तर डोळ्यापुढे काजवे चमकले, आणि बाजूला बघितलं तरी चमकतच राहिले. बोटातली अंगठी निघत नव्हती. आई म्हणाली, "फराळाचं तळलेलं सोसलं नाही तुला. पित्त झालंय. आलं-लिंबू देते." वहिनी म्हणाली, जागरण झालंय. दोघी मायेनेच बोलत होत्या. आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, छातीखाली दुखलं की पित्त. एरवी ते खरंही असतं. पण पाचव्या महिन्यानंतर डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं, बरगड्यांच्या खाली दुखणं आणि हाता-तोंडावर अचानक आलेली सूज ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात, आणि ती पित्तासारखीच वाटतात. पायावरची संध्याकाळची सूज बहुतेकींना असते. चेहऱ्यावरची आणि हातावरची वेगळी.

सासरच्या सिस्टरांना फोन केला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: नजरेला काही होतंय का, वरच्या पोटात दुखतंय का, बाळ हलतंय का. डोळ्यांचं सांगितलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "गाडीचा आहे. ठेव फोन."

वाटेत आधी त्या खाजगी दवाखान्यावर गेलो. सणामुळे बंद. फोन लावला, तर दोन दिवसांनी या, असं उत्तर आलं. सणाच्या दिवशी, रविवारी, रात्री कोण उघडं असतं हे आधीच विचारून ठेवायला हवं, ते यासाठी. आमचं सरकारी रुग्णालय बघितलेलं होतं, म्हणून भावाने गाडी सरळ तिकडे घेतली. कार्ड दाखवल्यावर सिस्टरनी मागचे सगळे रक्तदाब भराभर वाचले: ११०/७०, ११४/७२, ११८/७६. आत्ताचा १४६/९६. १४०/९० च्या वर गेला की तो जास्त. तेच कार्ड नसतं तर माझा आधीचा किती होता हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

दाखल करून घेतलं. लघवीतलं प्रथिन, रक्तातल्या प्लेटलेट्स, यकृत, मूत्रपिंड सगळं तपासलं. ते सगळं नीट आलं. बाळाचे ठोके नीट. गोळ्या सुरू केल्यावर रात्रीतून डोकं उतरलं. मॅडमनी सांगितलं, हा गरोदरपणातला रक्तदाब आहे, आत्ता आटोक्यात आहे, पण पुढे वाढून झटके येण्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून आता सैल सोडायचं नाही. मी खूप रडले. बत्तीस आठवडेच झाले होते. रात्रपाळीच्या सिस्टर माझ्या कॉटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर आलीस म्हणून नुसत्या गोळ्यांवर भागलं." २५ तारखेला घरी सोडलं.

तिथून पुढे आठवड्यातून दोनदा तपासणी आणि घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायचा. यंत्र सतराशेला आणलं. दंडाला पट्टा लावायचं घ्या, मनगटाचं नको, असं मॅडमनी सांगितलं होतं. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. मापाच्या वहीत त्याच मागच्या पानांवर आकडे लिहीत गेले. मीठ एकदम बंद करायला लागेल असं वाटलं होतं, पण मॅडमनी तसं काही सांगितलं नाही. फक्त पापड-लोणचं-फरसाण कमी. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून मनाने दुखण्याची गोळी आणायची नाही, हे मात्र बजावून सांगितलं. बऱ्याच वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. पॅरासिटामॉलसुद्धा विचारून. मेडिकलवाल्याला पहिलं वाक्य "मी गरोदर आहे" हेच सांगायचं.

९ नोव्हेंबरला रविवार आला म्हणून त्या महिन्याची तज्ज्ञांची तपासणी १० ला झाली. बाळाची वाढ बघायची सोनोग्राफी तिथेच फुकट झाली. वाढ बरोबर होती. १९ ला रात्री बाळाची हालचाल मंद वाटली. शेवटच्या महिन्यात बाळ कमीच हलतं, जागा नसते, असं सगळे सांगतात. ते खरं नाही. हलण्याची तऱ्हा बदलते, पण हलणं कमी होऊ नये. डाव्या कुशीवर पडून लक्ष दिलं. नेहमीसारखं वाटेना. सकाळची वाट न बघता गेलो. पोटाला पट्टे बांधून अर्धा तास ठोक्यांचा आलेख काढला. सगळं उत्तम होतं. उगीच रात्री त्रास दिला म्हणून मी डॉक्टरांची माफी मागायला लागले, तर त्या म्हणाल्या, पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या, दहा वेळा या.

कळा कधीच्या खऱ्या, हा वहीतला शेवटचा प्रश्न होता. सिस्टरांचं उत्तर: चालल्यावर, कूस बदलल्यावर थांबतात त्या खोट्या. खऱ्या वाढत जातात. पाच-पाच मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकायला लागल्या की निघायचं, लांब राहत असाल तर त्याच्याही आधी. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी गाडी. पाणी हिरवट असलं तर धावतच. सदतीस आठवड्यांच्या आधी कळा आल्या तरी गाडी. माझ्यावर ती वेळ आली नाही, कारण रक्तदाबामुळे अडतीस आठवडे झाल्यावर कळा सुरू करायचं ठरलं. १ डिसेंबरला दाखल झाले. पिशवीचं तोंड मऊ व्हायला औषध ठेवलं. त्यानंतरची वाट बघणं फार लांबलं. पहिला दिवस काहीच झालं नाही, आणि शेजारच्या कॉटवरच्या बाया येऊन, बाळंत होऊन वॉर्डात गेल्या. पहिलटकरणीला औषध देऊन कळा आणताना एक-दोन दिवस लागू शकतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर जीव एवढा कासावीस झाला नसता, म्हणून मुद्दाम लिहिते. आईला आत एक जणच सोबत म्हणून राहता आलं. ती पाठ चोळत राहिली. ३ तारखेच्या पहाटे मुलगी झाली, दोन किलो सातशे. टाके पडले. रडली ती अशी, की आई दाराशी गेलेली परत आली.

प्रसूतीचा, औषधांचा, तपासण्यांचा, जेवणाचा खर्च शून्य. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे सगळं मोफत असतं, घरी सोडायला १०२ ची गाडीसुद्धा. आमचे पैसे गेले ते बाहेरच्या चहा-नाश्त्याला आणि भावाच्या गाडीच्या पेट्रोलला. जाताना कार्ड, आधार, पासबुक, जुन्या सुती साड्यांची धुतलेली फडकी, बाळाला टोपी-मोजे, स्वतःला पुढून उघडणारा गाऊन, लांब वायरचा चार्जर आणि बादली-मग न्या. बादली-मग मी विसरलेल्या दोघींना दिला.

बाळ झालं की आईकडे सगळ्यांचं लक्ष कमी होतं. पण रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतो. माझा पाचव्या दिवशी चढला. घरी मोजत होते म्हणून कळलं, गोळी वाढवली, तीन आठवड्यांनी हळूहळू कमी करत बंद झाली. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, घाण वास, एका पोटरीत दुखून सूज येणं, धाप लागणं हे सगळे बाळंतिणीचे गाडीचे प्रश्न. बाळ दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं, पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, तर तेही गाडीचे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना चहा देऊन लगेच वाटेला लावू नका, बसवून विचारा. आईने पाणी कमी दिलं होतं, बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणून. ते आशाताईंनी सांगून सोडवलं, आणि खोलीतली शेगडीही बाहेर काढायला लावली, धूर बाळाच्या छातीला वाईट म्हणून. डिंकाचे लाडू मात्र राहिले. फार चांगले होते.

पहिल्या आठवड्यात मला कारण नसताना रडू यायचं. दहा-बारा दिवसांत ओसरलं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, झोप उडाली, बाळाजवळ जावंसं वाटेना, किंवा मनात स्वतःचं काही बरंवाईट करायचं आलं, तर तेही सांगायचं दुखणं आहे. १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. हा नंबर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला देते.

मातृवंदनेचा पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये आला होता. दुसऱ्यासाठी साडेतीन महिन्यांची लस व्हायची आहे, म्हणजे मार्च उजाडेल. त्याला बाळाचा जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत फुकट होते आणि सरकारी रुग्णालयात ती तिथेच होते. फक्त रुग्णालयातून निघायच्या आधी त्या कागदावरचं आईचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. माझ्या आडनावातला एक अनुस्वार सुटला होता. आमच्या ह्यांच्या नजरेला तो तिथल्या तिथे आला आणि खिडकीवरच्या ताईंनी लगेच दुरुस्त करून दिला. नंतर लक्षात आलं असतं तर अर्ज करून पुन्हा बारामतीच्या फेऱ्या माराव्या लागल्या असत्या.